गेटवरचा पाहुणा: गोव्यातल्या हॉलिडे कॉम्प्लेक्समध्ये नियम ठरवायचे कसे, चालवायचे कसे

कांदोळी, अर्पोरा, शिवोली, मोरजी, नाहीतर दक्षिणेत कोलवा, वार्का. कुठल्याही हॉलिडे कॉम्प्लेक्सची तक्रारवही उघडा. लिहिलेलं असतं आवाजाबद्दल, पूलमध्ये सापडलेल्या बाटलीबद्दल, आपल्या जागेवर लावलेल्या दुसऱ्याच्या गाडीबद्दल. खोलात गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट हाती लागते: चार-पाच जणांच्या फ्लॅटमध्ये नऊ जण उतरलेत, आणि सोसायटीला हे कळतं ते रात्री साडेअकराला, गाड्या गेटशी लागल्यावर. त्या वेळी वॉचमनने नियम सांगितला की पाहुण्याला तो अपमान वाटतो. त्याने पैसे भरलेले असतात आणि त्याला आधी कुणी काही सांगितलेलं नसतं. चूक त्याची नसतेच.

त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे. नियम मालकाला बांधायचा, पाहुण्याला नाही. आणि तो बुकिंगच्या वेळी पोचवायचा, गेटवर नाही.

पायरी १: आपली संस्था नेमकी कोण, ते कागदावर पाहा

हे कंटाळवाणं काम आहे, पण निम्मे नियम इथेच कोसळतात. गोव्यात फ्लॅट-संकुलांचा कारभार साधारण चार तऱ्हांनी चालतो: सहकारी गृहनिर्माण संस्था, सहकारी मेंटेनन्स सोसायटी, फ्लॅटधारकांची असोसिएशन, आणि संस्था झालेलीच नाही म्हणून बिल्डर किंवा त्याने नेमलेली एजन्सी. पहिल्या दोन गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली येतात आणि त्यांचा नियम उपविधींतून आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावातून येतो. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरीने टाकलेला "आजपासून बाहेरच्या पाहुण्यांना पूल बंद" हा मजकूर नियम ठरत नाही.

पुण्या-मुंबईचे फ्लॅटमालक इथे एक हमखास चूक करतात. घरच्या सोसायटीचे आदर्श उपविधी आणि बिनवापर शुल्काची (मालक स्वतः राहत नसला की लागणाऱ्या आकाराची) १० टक्क्यांची मर्यादा खिशात घेऊन ते सभेला येतात. ती महाराष्ट्रातली व्यवस्था. गोव्याचा सहकार कायदा वेगळा, निबंधक वेगळे. इथल्या सभेत इथलेच उपविधी टेबलावर हवेत, आणि ते प्रत्येक सभासदाकडे असायला हवेत. नसले तर सेक्रेटरीकडे लेखी मागा.

संस्था झालेलीच नसेल तर आधी ती करा. २०१६च्या रेरा कायद्यानुसार, राज्याच्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर, निम्म्याहून जास्त फ्लॅटचं बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत फ्लॅटधारकांची संस्था उभी राहील हे पाहणं बिल्डरची जबाबदारी आहे. एजन्सीच्या मॅनेजरने लावलेल्या पाटीला कुणीही विचारू शकतो, "तुम्ही कोण?" आणि त्याला उत्तर नसतं.

हाताशी तीन कागद ठेवा: उपविधी, बांधकामाचा ऑक्युपन्सी दाखला (वापर 'निवासी' लिहिलाय की आणखी काही), आणि फ्लॅटच्या विक्री कराराचा नमुना. काही करारांत भाड्याने देण्याबद्दल कलम आधीच असतं आणि वर्षानुवर्षं कुणी ते वाचलेलं नसतं.

पायरी २: पाहुणे चार प्रकारचे असतात, नियम मात्र दोनच लागतात

गेटवर येणारी माणसं अशी असतात: मालक आणि त्याच्याबरोबर आलेली घरची मंडळी, मालक नसताना येऊन फुकट राहणारे नातेवाईक-मित्र, भाडं देऊन आलेले, आणि चौथे, राहणाऱ्या पाहुण्यांना भेटायला आलेले, म्हणजे पाहुण्यांचे पाहुणे.

बहुतेक सोसायट्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात भेद करतात: नातेवाईक चालतील, भाडेकरू नाहीत. याचा परिणाम ठरलेला. दर शुक्रवारी मालकाचा नवा मावसभाऊ उगवतो. वॉचमनने "तुमचं आडनाव वेगळं कसं?" असं विचारायचं, पाहुण्याने पढवलेलं खोटं बोलायचं, आणि दोघांनाही ते खोटं माहीत असायचं. भाडं आणि नातं गेटवर सिद्ध करता येत नाही. जे सिद्ध करता येत नाही त्यावर नियम बांधू नये.

म्हणून रेघ दुसरीकडे ओढा. मालक स्वतः हजर आहे, की नाही? हजर असेल तर ते त्याचं घर आहे. गणेश चवथीला पंधरा नातेवाईक जमले तर सोसायटीने मोजायला जाऊ नये. जो नियम चवथीत टिकत नाही त्याला कायम राहणारे गोंयकारच पहिले मोडतील, आणि बरोबरच करतील. मालक हजर नसेल तर मुक्काम फुकटचा असो वा भाड्याचा, फॉर्म तोच, माणसांची मर्यादा तीच. खोटं बोलण्याचं कारणच उरत नाही. पैशांचा प्रश्न वेगळा सोडवायचा. तो पुढे आहे.

चौथ्या प्रकाराला फक्त वेळ लावा. भेटायला आलेल्यांनी रात्री १०पर्यंत निघायचं, पूल वापरायचा नाही, गाडी आत आणायची नाही. पार्ट्या याच दारातून आत येतात. बुकिंग चौघांचं असतं आणि बागा बीचवर ओळख झालेले दहाजण रात्री मागून येतात.

पायरी ३: माणसांचा आकडा पाण्यावरून आणि सेप्टिक टँकवरून काढा

"एका बेडरूमला दोन, वर एक" हा सरळ हिशेब चालतो: वन बीएचकेला ३, टू बीएचकेला ५, थ्री बीएचकेला ७, पाच वर्षांखालची दोन मुलं धरू नयेत. पण सभेत "हाच आकडा का?" असा प्रश्न येणार. उत्तर "आम्हाला असं वाटतं" हे असेल तर ठराव पडेल. उत्तर पाण्यात आहे.

निवासी वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे प्रमाण देशभर धरलं जातं. समजा २४ फ्लॅट आहेत, सगळे टू बीएचके. पाचजणांप्रमाणे १२० माणसं, म्हणजे दिवसाला १६,२०० लिटर. टाक्या, पंप, सेप्टिक टँक साधारण याच हिशेबाने बांधलेले असतात. एरवी यातले निम्मे फ्लॅट बंद असतात, म्हणून कुणाला काही जाणवत नाही. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात सगळे उघडतात, आणि आठ फ्लॅटमध्ये पाचाऐवजी नऊ-नऊ माणसं आली की ३२ माणसं जादा. १३५ लिटरनेच ४,३२० लिटर जादा पाणी झालं. त्यात समुद्रावरून आलेला माणूस दिवसातून दोनदा आंघोळ करतो आणि चादरी-टॉवेल दर मुक्कामाला धुतले जातात, ते वेगळं.

पाणी टँकरने आणता येतं. जातं कुठे, हा खरा घोळ. गोव्याच्या किनारपट्टीत पुष्कळ ठिकाणी सांडपाण्याची सार्वजनिक लाइन पोचलेली नाही. काम सेप्टिक टँक आणि सोक पिटवर, म्हणजे शोषखड्ड्यावर चालतं. टँकमध्ये पाणी साधारण दिवसभर थांबलं तर गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पिटमध्ये जातं. अचानक जास्त पाणी आलं की ते थांबायच्या आत पुढे ढकललं जातं आणि गाळही बरोबर जातो. सोक पिटच्या बाजूची माती त्या गाळाने लिंपली जाते, आणि एकदा लिंपलेला पिट पूर्वीसारखा पाणी पीत नाही. डिसेंबरातल्या गर्दीचा वास पावसाळ्यात येतो, कारण तेव्हा जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि पिटला सोडायला जागा नसते. तोवर पाहुणे कधीच निघून गेलेले असतात आणि तळमजल्यावरचं कुटुंब खिडक्या लावून बसलेलं असतं.

आपल्या संकुलाचा असा एक कागद तयार करा: फ्लॅट किती, टाकीची क्षमता किती, टँक शेवटचा कधी उपसला, गेल्या डिसेंबरात किती टँकर आले. हा कागद सभेच्या नोटिशीसोबत जोडा. माणसांच्या मर्यादेवर निम्मा वाद तिथेच संपतो.

पायरी ४: ठराव लिहा, आणि तो लहान ठेवा

बावीस कलमांची नियमावली कुणी वाचत नाही. ठरावात पाचच गोष्टी असाव्यात: आगाऊ माहिती, माणसांची मर्यादा, शांततेची वेळ, जबाबदार स्थानिक माणूस, आणि मोडल्यास काय. नमुना असा:

"फ्लॅटमालक स्वतः राहत नसताना फ्लॅटमध्ये मुक्काम करणाऱ्या सर्व व्यक्तींची माहिती, त्या भाडे देत असोत वा नसोत, मालकाने मुक्कामाच्या किमान २४ तास आधी ठरलेल्या फॉर्मवर सोसायटी ऑफिसला द्यावी. मुक्कामी व्यक्तींची संख्या सोबतच्या तक्त्यापेक्षा जास्त नसावी. मालकाने गोव्यात राहणारा एक प्रतिनिधी नेमावा. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ राहील; या वेळेत प्रतिनिधीने फोन उचलणे व गरज पडल्यास ४५ मिनिटांत संकुलात पोचणे बंधनकारक राहील. पाहुण्यांकडून सामाईक मालमत्तेचे झालेले नुकसान प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे मालकाकडून वसूल केले जाईल."

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. केअरटेकर म्हणून ज्याचं नाव दिलेलं असतं तो पुष्कळदा पंधरा-वीस फ्लॅट सांभाळत असतो आणि रात्री फोन बंद ठेवतो. "४५ मिनिटं" लिहिलं की मालक म्हापशाच्या अलीकडचा माणूस शोधतो, नाहीतर एजन्सीकडून तसं लिहून घेतो.

काय लिहू नये, तेही सांगायला हवं. "बॅचलर नकोत", "लग्नाचा दाखला दाखवा", अमुक खाणारे किंवा अमुक धर्माचे नकोत, ही कलमं घातलीत तर उद्या नोटीस तुम्हालाच येईल, आणि आवाज करणाऱ्यांत सहकुटुंब आलेल्यांचाही वाटा चांगलाच असतो. कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी हाही असाच फसणारा नियम. पट्टा, साफसफाई आणि पूलपासून लांब एवढं पुरे.

ठराव मांडायचा कधी? बहुतेक संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकते. सीझनच्या आधीची ती नेमकी वेळ आहे. डिसेंबरात मालक गोव्यात असतात हे खरं, पण तेव्हा डोकी तापलेली असतात आणि नियमांऐवजी माणसांवर मतदान होतं. बाहेरगावच्या मालकांना ऑनलाइन हजर राहता येईल का, प्रॉक्सी (आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणं) चालते का, हे उपविधींत पाहून नोटिशीतच लिहा. नोटिशीचे दिवस एकाने जरी कमी पडले तरी विरोधातला सभासद तेवढ्यावरून ठराव पाडू शकतो.

पायरी ५: मालकाकडून घ्यायचे कागद

भाड्याने देणाऱ्या प्रत्येक मालकाकडून वर्षातून एकदा पर्यटन खात्याच्या नोंदणीची प्रत घ्या. गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने देणाऱ्यांना १९८२च्या टुरिस्ट ट्रेड नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, मग खोल्या दोनच का असेनात. नोंदणी करणं हे मालकाचं काम, सोसायटीचं नाही. पण प्रत फाइलला असली की चौकशी आल्यावर कमिटीला तोंड लपवावं लागत नाही.

परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती तो आल्यापासून २४ तासांत इमिग्रेशनच्या पोर्टलवर भरावी लागते. सगळे अजून त्याला 'सी फॉर्म'च म्हणतात. १९४६चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला, पण जागा देणाऱ्याने कळवायचं हे बंधन कायम आहे. फुकट राहणाऱ्या परदेशी मित्राचीही माहिती द्यायची असते, हे मालकांच्या लक्षात येत नाही. सोसायटीने भरलेल्या फॉर्मची पोचपावती तेवढी मागावी.

ओळखपत्रांबाबत कमिट्या उगाच धोका पत्करतात. वॉचमनच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये शेकडो आधार कार्डांचे फोटो साठलेले असतात, आणि वॉचमन सहा महिन्यांनी बदलतो. सोसायटीला लागतं एवढंच: नावं, संख्या, एकाचा फोन, गाडीचे नंबर, येण्या-जाण्याची तारीख. ओळखपत्राची प्रत मालकाने ठेवावी. गेटवर पडताळणी करायचीच तर मूळ कार्ड पाहून लगेच परत द्यावं, किंवा शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालवावं. मूळ ओळखपत्र 'निघेपर्यंत' ठेवून घेण्याची पद्धत बंदच करा.

पायरी ६: पाहुण्याला जाणारा निरोप

मालकाने बुकिंग पक्कं होताच हा मजकूर पाठवायचा, आणि ऑनलाइन जाहिरातीतल्या 'घराचे नियम' या जागीही तोच टाकायचा. पाहुणा ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत पाठवा, नमुना मराठीत:

"नमस्कार. तुमचं बुकिंग शुक्रवार ते सोमवार, फ्लॅट बी-२०४. इथे कायम राहणारी कुटुंबंही आहेत. रात्री राहायला जास्तीत जास्त पाच माणसं. भेटायला येणाऱ्यांनी रात्री १०पर्यंत निघावं. रात्री १०नंतर गॅलरीत आणि पूलजवळ बसणं, गाणी लावणं बंद. पूल सकाळी ७ ते संध्याकाळी ७, काच अजिबात नाही. चारचाकी एकच, जागा बी-२०४. पाचही जणांची नावं आणि गाडीचा नंबर उद्यापर्यंत पाठवा, म्हणजे गेटवर थांबावं लागणार नाही. रात्री काही लागलं तर केअरटेकरचा हा नंबर."

"म्हणजे गेटवर थांबावं लागणार नाही" हे वाक्य काढू नका. नावं मिळतात ती त्यामुळेच.

पायरी ७: गेट

वॉचमनच्या हातात दररोज संध्याकाळी ५ वाजता एका पानाची यादी असावी: फ्लॅट, संख्या, एक नाव, गाड्या, केअरटेकरचा नंबर. यादीत आहे तो आत. यादीत नाही किंवा संख्या जास्त आहे, तर वॉचमनने वाद घालायचा नाही. केअरटेकरला फोन लावून फोन पाहुण्याच्या हातात द्यायचा. निर्णय मालकाच्या माणसाने पाहुण्याला सांगायचा. प्रवास करून आलेल्या बायका-मुलांना मध्यरात्री रस्त्यावर उभं ठेवू नका. त्या रात्री आत घ्या, वहीत नोंद करा, आणि जादा माणसांची दुसऱ्या दिवशी ११पर्यंत दुसरीकडे सोय करायला मालकाला लेखी कळवा. सुरुवातीला हे नमतं घेणं वाटतं, पण वहीतल्या अशा दोन नोंदी पुढे सभेत फार कामाला येतात.

वॉचमनला दिलेल्या शंभराच्या नोटेने सगळी यादी निकालात निघते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उपाय साधा आहे: रात्रीची यादी आणि सकाळी मोजलेल्या गाड्या दुसऱ्या माणसाने ताडून पाहायच्या. सीसीटीव्ही गेटवर, पार्किंगमध्ये, पूलपाशी ठीक. फ्लॅटच्या दारावर रोखलेला नको.

पायरी ८: रात्री दहानंतर

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पण डेसिबलवरून भांडू नका. साध्या गप्पाच जवळून ६०च्या आसपास जातात, आणि मोबाइलवरच्या ॲपचा आकडा कुणी पुरावा म्हणून मानणार नाही. सोसायटीपुरती कसोटी अशी ठेवा: शेजारच्या बेडरूममध्ये खिडकी लावून शब्द किंवा गाण्याचा ठेका कळता कामा नये. ही कसोटी वॉचमनलाही लावता येते.

आपल्याकडची बरीच संकुलं मधे पूल आणि तीन बाजूंनी इमारत अशी यू आकाराची असतात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून आणि तीन भिंतींवरून आवाज परततो. पूलकाठी चौघे हळू बोलत असतात आणि तिसऱ्या मजल्यावर जणू खोलीतच बोलतायत असं ऐकू येतं. पाहुण्याला आपण ओरडतोय असं वाटतच नाही, त्यामुळे "आरडाओरडा थांबवा" म्हटलं की तो चिडतो. "इथे आवाज वर चढतो, आत बसता का?" एवढं म्हणावं.

तक्रार आल्यावर क्रम असा. पहिल्या पाच मिनिटांत केअरटेकरला फोन; त्याने पाहुण्याला फोन करायचा. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर वॉचमन आणि कमिटीचा एक माणूस असे दोघं दारापर्यंत, आत पाऊल न टाकता. एकट्याने कधीच नाही, आणि तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याने तर मुळीच नाही. दारू प्यायलेला पाहुणा आणि झोपमोड झालेला शेजारी समोरासमोर आले की प्रकरण हातघाईवर येतं. आणखी वीस मिनिटांत थांबलं नाही तर पोलिसांना ११२वर फोन. प्रत्येक पायरीची वेळ वहीत लिहा: १०.१०, १०.२५, १०.४५. "रात्रभर धिंगाणा" असं लिहिलेल्या वहीला किंमत नसते.

एअरबीएनबीने २०२२पासून पार्ट्यांवर कायमची बंदी घातली आहे आणि शेजाऱ्यांना तक्रार करता येईल अशी सोय संकेतस्थळावर ठेवली आहे. वेळेची नोंद आणि आवाजाची छोटी ध्वनिफीत जोडून तिथे लिहा. जाहिरात जाण्याची भीती मालकाला दंडापेक्षा जास्त असते. मालकाला हवं असेल तर दिवाणखान्यात आवाज मोजणारं यंत्र लावता येतं, मात्र ते जाहिरातीत सांगावं लागतं. घराच्या आत कॅमेरे मात्र एप्रिल २०२४अखेरपासून या कंपनीने पूर्ण बंद केलेत.

पायरी ९: पूल, वाळू, कचरा, गाड्या

काचेचा नियम का कडक, ते पाटीवरच लिहा. पाण्यात पारदर्शक काच दिसत नाही, व्हॅक्यूमने सगळी निघेल याची खात्री नसते, म्हणून पूर्ण पूल रिकामा करावा लागतो. १२ मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल पूल म्हणजे ७२,००० लिटर. दहा हजारी सात टँकर भरूनही कमीच पडणार. एक बिअरची बाटली, आणि भर सीझनमध्ये पूल दोन-तीन दिवस बंद. काठावर प्लास्टिकचे ग्लास ठेवा. बाटली आणू नका म्हणण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

गर्दीच्या दिवसांत पाण्याची तपासणी दोनदा करा: पीएच ७.२ ते ७.८, मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम. सनस्क्रीन, घाम, समुद्राचं मीठ यांनी क्लोरीन भराभर संपतं. शॉवरविना पूलमध्ये उतरू देऊ नका. नाहीतर संध्याकाळपर्यंत पाणी गढुळतं आणि कायम राहणारे म्हणतात "पाहुण्यांनी घाण केलं". खरं तर क्लोरीन संपलेलं असतं.

वाळूचं कुणी मनावर घेत नाही. पायांबरोबर आलेली मूठभर वाळू बाथरूमच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये बसते, साबणाच्या मळीबरोबर घट्ट होते आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. मग वरचा-खालचा असा वाद सुरू. स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात शिरतानाच गुडघ्याच्या उंचीवर एक नळ, खाली खरखरीत फरशी, आणि बाजूला ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदी-खोलीचं चेंबर करा. चेंबरचा बाहेर जाणारा पाइप तळापासून २० सेंटीमीटर वर ठेवा, म्हणजे वाळू खाली बसते आणि पाणी पुढे जातं. आठवड्यातून एकदा फावड्याने उपसा. जवळ दोन झाडू आणि एक बाक. प्लंबरचं महिन्याचं बिल कमी झालेलं तुम्हालाच दिसेल.

कचरा: पाहुणा ओला-सुका वेगळा करेल अशी आशा ठेवू नका, निघाल्यावर केअरटेकरने करायचा. मासळीचा कचरा मात्र त्याच दिवशी बाहेर. पंचायतीची गाडी न येण्याच्या दिवसांची यादी किचनमध्ये चिकटवा.

गाड्यांमध्ये भाड्याच्या स्कूटर सगळ्यांत अडचणीच्या. चारजण उतरतात आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन स्कूटर घेऊन येतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी भाड्याची, हे वॉचमनला ओळखता येतंच. त्यांच्यासाठी कुंपणाला लागून वेगळी रांग आखा. बारा सीटांचा टेंपो ट्रॅव्हलर माणसं उतरवून बाहेर जाईल, पण गावच्या अरुंद रस्त्यावर उभा राहणार नाही. तिथे शेजारच्या वाडीतल्या लोकांशी होणारं भांडण सोसायटीला जन्मभर पुरतं.

पायरी १०: पैसे

"भाड्याने देता ना, मग दुप्पट मेंटेनन्स भरा" हे टिकत नाही. दंडासारखी रक्कम नको, खर्चाचा वाटा मागा. उदाहरणादाखल डिसेंबरचा जादा खर्च मांडू: सहा टँकर प्रत्येकी १,८०० रुपये, म्हणजे १०,८००, रात्रीचा एक जादा वॉचमन १६,०००, कचऱ्याच्या जादा फेऱ्या ४,०००, पूलवाल्याच्या जादा फेऱ्या ३,२००. एकूण ३४,०००. त्या महिन्यात आठ फ्लॅट सरासरी १७ रात्री भाड्याने गेले, म्हणजे १३६ रात्री. भागाकार २५० रुपये. एका रात्रीमागे २५० रुपये 'जादा वापर आकार', बिलं फलकावर लावलेली, वर्षाअखेर हिशेब. मालक कुरकुरतो, पण भरतो, कारण तो ते भाड्यात धरू शकतो. आणि कायम राहणाऱ्यांच्या मनातली "आमच्या पैशावर यांचा धंदा" ही सल निघते.

हा आकार फॉर्मवरून लावायचा, म्हणजे मित्र म्हणून फुकट राहिलेल्यांनाही. पहिल्या वर्षी मालकाला दहा रात्री माफ ठेवा; तेवढ्यात खरे नातेवाईक बसतात.

पायरी ११: मालक ऐकतच नसेल तर

पहिल्यांदा लेखी सूचना, वहीच्या नोंदीसह. दुसऱ्यांदा कमिटीसमोर म्हणणं मांडायची संधी. ती न देता लावलेला दंड पुढे उडतो. तिसऱ्यांदा उपविधींत असेल तेवढाच दंड. त्यानंतर सहकार निबंधकांकडे, आणि नोंदणीशिवाय धंदा चालला असेल तर पर्यटन खात्याकडे लेखी तक्रार.

पाणी तोडणं, वीज बंद करणं, लिफ्टचं कार्ड रद्द करणं, पाहुण्यांच्या गाडीला साखळी घालणं यातलं काहीही करू नका. अशा वेळी सोसायटीची बाजू खरी असली तरी पोलीस ठाण्यात उत्तरं कमिटीला द्यावी लागतात. ग्रुपवर पाहुण्यांचे फोटो टाकणंही त्यातलंच.

सीझनचं वेळापत्रक

सेप्टिक टँक एप्रिल-मेमध्ये उपसून घ्या. भर पावसात उपसू नका. जमिनीत पाणी वर आलेलं असताना रिकामा फायबरचा टँक खालून उचलला जातो आणि पाइपांचे सांधे निखळतात. सप्टेंबरात सभा. चवथीच्या आठवड्यात वॉचमन आणि झाडूवाल्या बायका गावी जाणार, तेव्हा बदली माणसं महिनाभर आधी सांगून ठेवा. त्या दिवसांत नवं बुकिंग न घेणारा मालक शहाणा. ऑक्टोबरात फॉर्म आणि निरोपाचा मजकूर नव्याने सगळ्यांना. १५ डिसेंबरला टँकरवाल्याशी दर आणि वेळा ठरवून घ्या, कारण २६ तारखेला तो फोन उचलणार नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री गेटवर एकाऐवजी दोघं, आणि यादी ५ वाजता नाही, ३ वाजता.